पाना उचलण्याआधी

मु. पाम, ता. पालघर, जि. पालघर

चि. छकुली,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी ओट्यावर वाल सोलत बसलो होतो (आजीने बसवलं होतं म्हण), आणि तू एका दमात विचारलंस, की बाबांच्या जुन्या रोड सायकलीची क्रँक माझ्या नव्या फिक्स फ्रेमला बसेल का, पटकन सांगा, दुकान आठला बंद होतं. मी नुसतं 'बघतो' म्हणालो. तुला जरा राग आला असेल. पण पोरी, उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. बसेल. फोनवर ते सांगितलं असतं तर पुढचं ऐकायला तू थांबली नसतीस, फोन ठेवता ठेवता पाना उचलला असतास, आणि सगळं काम तर त्या पुढच्यातच आहे. म्हणून पत्र लिहितोय. पोचायला चार दिवस लागतील. तेवढे चार दिवस ती क्रँक सुखात राहील.

(वर पत्ता लिहिताना हात पुन्हा 'जि. ठाणे'कडे वळला होता. १ ऑगस्ट २०१४ ला आपला जिल्हा वेगळा झाला, पण जन्मभर ठाणे लिहिलेला हात, तो कुठे लगेच ऐकतो!)

मी अजून साडेचारला उठतो. नोकरी सुटून किती वर्षं झाली, पहिल्या पाळीची सवय काही सुटली नाही. चूळ भरून अंगणात आलं की वारा पूर्वेचा असेल तर एमआयडीसीचा तो ओळखीचा उग्र वास येतो, पश्चिमेचा असेल तर नवापूरकडून खारा, आणि मी नाकानेच ठरवतो की आज दिवस कसा जाणार. या वेळी हातातलं काम फार नीट होतं बघ. कोणी हाक मारत नाही, डोकं निवांत असतं, आणि उजेड हळूहळू वाढत असल्यामुळे आपणही हळूहळूच चालतो. तुझं सायकलीचं काम सकाळीच कर. रात्री जेवून, होस्टेलच्या जिन्यातल्या पिवळ्या दिव्याखाली, चार मैत्रिणी 'झालं का, झालं का' विचारत असताना करू नकोस.

घाईचं मला का एवढं, ते एकदा सांगूनच टाकतो. तारापूरची अणुवीज १९६९ साली सुरू झाली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. पुढे इथे कारखाने आले, मी फिटरचं शिकलो, एका कंपनीत लागलो आणि पहिल्या बोनसातून काळी चोवीस इंची सायकल घेतली. तिच्या क्रँक कॉटरवर बसायच्या. तू कॉटर पाहिलाही नसशील. बोटाएवढी पोलादी खुंटी, एका अंगाने उतरती घासलेली. ती क्रँकच्या भोकातून ठोकायची, तिचा उतार एक्सलच्या खाचेवर घट्ट बसतो, मग मागून वायसर आणि नट. दोन बाजूंचे दोन कॉटर एकमेकांच्या उलट घालायचे असतात, एकाचा नट वर असेल तर दुसऱ्याचा खाली. हे मला चांगलं माहीत होतं. तरी एका पावसाळी पहाटे, भोंग्याला पंधरा मिनिटं राहिली असताना, कंदिलाच्या उजेडात मी नवा कॉटर उलट्या अंगाने ठोकला. निघालो, तर एक पाय बरोबर बारावर आणि दुसरा सहाच्या जरा पुढे! सायकल लंगडत होती, आणि तिच्यावर मीही. तो कॉटर पुन्हा काढायला गेलो आणि वरून हातोडी मारून त्याचे आटे चेपले. शेवटी सायकल ढकलत चालत गेलो. काही पैशांच्या कॉटरपायी अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला, आणि तो तर गेलाच, पण सुपरवायझरने सगळ्यांसमोर विचारलं, 'फिटर ना तू?' ते अजून आठवतं.

माझा कॉटर निदान बदलता आला. तुझी क्रँक ॲल्युमिनियमची आहे. तिचे आतले आटे गेले की ती क्रँकच गेली असं समज. म्हणून आधी नुसतं बघायचं आणि मोजायचं.

तुझी फ्रेम कुठल्या जातीची आहे ते आधी नीट समजून घे. आमच्या लहानपणी गावात सायकलवाला यायचा. शाळेच्या पटांगणात आठ आठ दिवस, जमिनीला पाय न लावता, गोल गोल फिरायचा. सायकलवरच आंघोळ, सायकलवरच जेवण, आणि आम्ही पोरं दप्तरं टाकून तोंड उघडं ठेवून बघत उभी. त्यांच्यातल्या एकाची सायकल मी हात लावून पाहिली होती. मागचं फ्रीव्हील वेल्डिंग मारून बंद केलेलं, त्यामुळे पायडल उलटं मारलं की सायकल उलटी चाले. तीच तुझी फिक्स. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर तुझे पाय. साध्या सायकलीवर आपण उतारावर पाय मोडून आरामात बसतो, तसं इथे बसता येत नाही. ट्रॅकवर शर्यती खेळणारे अशाच सायकली वापरतात, त्यांना ब्रेकही नसतो. दिल्लीला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी २५० मीटरचा लाकडी ट्रॅक केला, आणि तुझ्या पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलातही व्हेलोड्रोम आहे. एखाद्या सकाळी जाऊन ते वळण नुसतं बघून ये. रस्त्यासारखं सपाट नसतं, कढईच्या कडेसारखं उभं चढलेलं असतं, आणि त्यावरून जाणाऱ्याला वळणात पाय थांबवता येत नाही, हे डोळ्यांनी पाहिलंस की पुढचं सगळं आपोआप कळेल.

कारण क्रँकची लांबी तिथूनच ठरते. बाबाच्या क्रँकच्या आतल्या अंगाला, पायडलच्या भोकाजवळ, बारीक आकडा कोरलेला असेल: १७०, नाहीतर १७२.५. ट्रॅकवाले बहुधा १६५ वापरतात. पाच-साडेसात मिलिमीटरने काय होतं, असं तुला वाटेल. साध्या सायकलीवर वळताना आपण आतल्या बाजूचं पायडल वर धरतो, न शिकवताही धरतो. फिक्सवर ते ज्या क्षणी खाली येणार त्याच क्षणी येणार, आणि सायकल त्या अंगाला कललेली असली तर जमिनीला घासणार. ट्रॅकच्या फ्रेमचा बी.बी. (क्रँकचा एक्सल बसतो ती जागा) म्हणूनच रोडच्या फ्रेमपेक्षा जरा उंच ठेवलेला असतो, त्याचा तुला फायदा आहे. तरीही क्रँक बसवल्यावर पायडल खाली घेऊन सायकल हाताने कलती करून बघ, किती कलली की पायडल टेकतं. आणि दुसरं: सीटवर बसून, भिंतीला धरून, पुढचं चाक वळवून बघ, बुटाचा चवडा चाकाला लागतो का. लागला तर हळू वळताना तू पडशील, आणि तेही सिग्नलला, सगळ्यांसमोर. लागत नसेल तर १७० खुशाल ठेव. (गंमत सांगू? जुन्या इंग्लिश काळ्या सायकलींना साडेसहा इंची क्रँक असायची. साडेसहा इंच म्हणजे १६५ मिलिमीटर. म्हातारे अगदीच बावळट नव्हते.)

आता चेनव्हील. बाबाच्या क्रँकला दोन आहेत, बाहेर ५२ दात्यांचं आणि आत ३९ चं, तो मला अभिमानाने सांगायचा म्हणून लक्षात आहे. तू म्हणालीस की नवीन ४८ चं घ्यायचं आहे, ट्रॅकचं, चकचकीत. घेण्याआधी पाच बोल्टांचं वर्तुळ मोज. वर्तुळाचा मध्य हाताला लागत नाही, म्हणून शेजारशेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर घे. ७६.४ मिलिमीटर आलं तर वर्तुळ १३० चं, म्हणजे शिमानोच्या जुन्या रोड क्रँकचं माप. ट्रॅकचं खास माप १४४ चं असतं, त्यात दोन बोल्टांमध्ये ८४.६ येतात. तुझं ते चकचकीत ४८ बहुधा १४४ चं निघेल आणि बाबाच्या क्रँकवर टेकणारसुद्धा नाही, मग दुकानदार म्हणेल 'एकदा पाकीट फोडलं की परत नाही'.

मी म्हणतो, नवीन घेऊच नकोस. आतलं ३९ चं आहे ना, तेच वापर. मागे १५ दात्यांचं चक्कर लाव. ३९ भागिले १५ म्हणजे २.६, तुझ्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात साडेपाच मीटरला थोडं कमी. ताशी २५ किलोमीटरला मिनिटाला ७६ फेरे होतात, तरण्या पायांना छान. (उतारावर ताशी ५० झाले तर दीडशेच्या वर जातील आणि तुझे पाय शिवणयंत्रासारखे नाचतील, तेव्हा उतारावर आधीच आवर.) ५२ चं बाहेरचं मात्र एकट्याने चालवायचं नाही. त्याचे दाते मुद्दाम कमीजास्त कापलेले आणि आतल्या अंगाला खुंट्या बसवलेल्या असतात, गिअर बदलताना चेन चटकन उडी मारावी म्हणून. आणि तुला नेमकी उडी न मारणारी चेन हवी आहे.

पण ते ५२ चं टाकू नकोस हं. माझ्याकडे पाठव. मी त्याचे दाते कानशीने घासून गुळगुळीत करून देतो (ग्राइंडरवर नाही, ॲल्युमिनियम दगडात भरतं आणि दगड वाया जातो), आणि ते रिकामं कडं बाहेरच्या जागी तसंच लाव. त्याचे दोन फायदे. सलवारीचा पाय चेनमध्ये जाणार नाही, हा एक. दुसरा जास्त मोठा आहे. चेनव्हीलचे बोल्ट दोन चकत्यांच्या जाडीचे असतात. एकच चकती ठेवलीस तर ते आतल्या आत टेकतात, हाताला अगदी घट्ट लागतात, आणि चेनव्हील मात्र ढिलंच राहतं. अशा वेळी लोक एका चकतीचे आखूड बोल्ट विकत आणतात. आपल्याला आणायला नकोत. मला माझ्या आईची आठवण येते, फाटक्या लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं. काही टाकायचं म्हटलं की ती म्हणायची, 'ठेव, लागेल.' आणि लागायचंच.

आता बस जरा, हे मन लावून वाच. कारखान्यात दोन पुली एका पट्ट्यावर चालवायच्या असल्या की आम्ही आधी दोरा धरायचो. एकाने इकडच्या पुलीच्या तोंडाला टोक लावायचं, दुसऱ्याने तिकडच्या, आणि दोरा दोन्ही तोंडांवर सारखा टेकेपर्यंत मोटर सरकवायची. दोऱ्यात वाकडं असेल तर पट्टा महिन्यात फाटतो. सायकलीत याला चेनलाइन म्हणतात, आणि गिअरच्या सायकलीत ती थोडी वाकडी चालून जाते, कारण तिथे चेन इकडून तिकडे जायलाच बनवलेली असते. फिक्समध्ये चेन हाच तुझा पायांचा ब्रेक आहे. ती पडली की एक तर ब्रेक गेला, नाहीतर चाक जागच्या जागी अडकलं. दोन्ही वाईट.

पुढची चेनलाइन म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीच्या मध्यापासून चेनव्हीलच्या दात्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. नळीचा मध्य पोटात असतो, तिथे पट्टी जात नाही. म्हणून कॉलेजच्या वर्कशॉपमधून व्हर्नियर माग (मागताना 'सर' म्हण, आणि पुसून परत दे) आणि नळीची जाडी घे. पोलादी फ्रेम असेल तर २८.६ मिलिमीटर यायला हवी. निम्मं झालं १४.३. मग नळीच्या उजव्या अंगापासून दात्याच्या मध्यापर्यंत मोज आणि त्यात १४.३ मिळव. समजा २६.७ आले, तर झाले ४१. मागच्या बाजूला: ट्रॅकच्या हबची रुंदी एका लॉकनटपासून दुसऱ्यापर्यंत १२० असते, निम्मं ६०, उजव्या लॉकनटच्या तोंडापासून चक्कराच्या दात्यापर्यंत १८ आले तर साठातून अठरा गेले, राहिले ४२. ट्रॅकचं नेहमीचं माप हेच, ४२. आता रोडच्या दुहेरी क्रँकमध्ये दोन चेनव्हीलांच्या मधल्या पोकळीचा मध्य ४३.५ वर धरलेला असतो, त्यामुळे बाहेरचं साधारण ४६ वर बसतं आणि आतलं ४१ वर. पाहिलंस? बाहेर लावलं असतंस तर चार मिलिमीटरचं वाकडं. आत लावलंस तर एकाचं. एक मिलिमीटर मी तुला माफ केला. तोही नको असेल तर आतलं चेनव्हील आणि क्रँकचे पंजे यांच्यात वायसर घालू नकोस, त्याने ते आणखी आत जाईल, फरक मागच्या चक्कराकडे काढता येतो का बघ. आणि ३९ चं छोटं असल्यामुळे मागच्या आडव्या नळीला घासणारही नाही. तुझं ते ४८ चं आत लावलं असतंस तर बहुधा घासलं असतं.

हे सगळं त्याच लांबीच्या बी.बी. एक्सलवर, जी त्या क्रँकला मुळात होती. नवीन एक्सल घेतलास तर लांबी बघ. दोन्ही बाजूंना सारखा एक्सल सहा मिलिमीटरने आखूड केला तर क्रँक प्रत्येक बाजूने तीन आत येते. आणखी एक बारीक गोष्ट, चौकोनी एक्सलची टोकं जपानी आणि युरोपी अशा दोन मापांची असतात. दिसायला जुळी. शिमानोची क्रँक जपानी मापाची. एकाची क्रँक दुसऱ्याच्या एक्सलवर घातली तर ती चार-साडेचार मिलिमीटर बाहेर तरी राहते नाहीतर जास्त आत तरी जाते. एक्सल कोणता हे दुकानात विचारून घे, अंदाजाने घेऊ नकोस.

बी.बी.चा उजव्या हाताचा कप उलट्या आट्यांचा असतो, डाव्या पायडलचेही आटे उलटे, मागच्या चक्करावरची लॉकरिंगही उलटी. (इटालियन फ्रेममध्ये बी.बी.चे दोन्ही कप सुलटे. तुझी इटालियन नसावी, त्या किमतीत नक्कीच नाही.) काही फिरत नसलं तर जोर लावण्याआधी उलट फिरवून बघायचं.

क्रँक बाबाच्या सायकलीवरून काढायला मी पुलर पाठवतोय. कारखान्यात बेअरिंग ओढायला वापरायचो त्याचाच हा धाकटा भाऊ. आधी क्रँकचा बोल्ट काढ, आणि बोल्टाखालचा वायसर निघाला का ते आत डोकावून बघ. तो आत चिकटून राहिला तर पुलर एक्सलऐवजी वायसरला रेटत बसतो आणि आटे उपटून हातात येतात. मग पुलर हाताने फिरवत आत ने, हाताने जाईल तेवढा जाऊ दे, तिरका बसला तर काढून पुन्हा घाल, मग पान्याने शेवटपर्यंत बसव, आणि त्यानंतरच मधला दांडा फिरव. 'टक्' असा आवाज येतो आणि क्रँक सुटते. आपल्याकडची हवा खारी, ती सायकल इथे दोन पावसाळे पडून होती, तेव्हा 'टक्' यायला वेळ लागेल. थोडं तेल सोड, रात्रभर ठेव, दुसऱ्या सकाळी कर. बसवताना एक्सलचे चारही पृष्ठभाग फडक्याने कोरडे पूस, बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लाव, आणि टॉर्क पाना मिळाला तर ३५ ते ४० न्यूटन-मीटरवर थांब. पुढे दर आठवड्याला 'अजून थोडं' म्हणत आवळत बसू नकोस. चौकोनी टोकावर क्रँक दर वेळी थोडी आणखी चढते आणि एक दिवस तडकते.

चेन जाड घे, काळ्या सायकलीला असते ती आठवा भाग इंच रुंदीची. ३९ च्या बारीक दात्यांवर ती जरा खडखडेल, पण चालते. उलट केलंस, जाड दात्यांवर बारीक चेन, तर चढणारच नाही.

आणि आता माझं आवडतं काम. चेन चढव, मागचं चाक खाचेत मागे ओढ, नट हलके आवळ. सायकल उलटी ठेव किंवा टांग, आणि क्रँक हाताने अगदी सावकाश फिरव. कुठेतरी चेन ताठ होईल, अर्धा फेरा पुढे गेली की लोंबेल. चेनव्हील कधीच बरोबर मध्यावर बसलेलं नसतं, केसभर इकडेतिकडे असतंच. ताठ जागी थांब. चेनव्हीलचे पाचही बोल्ट चतकोर फेरा ढिले कर, जास्त नाही. पाटा-वरवंट्याजवळ बसून आजी नारळाला टिचकी मारते ना, आत पाणी आहे का बघायला, तेवढीच टिचकी लाकडी मुठीने चेनवर मार. चेनव्हील किंचित सरकतं. फिरव, पुन्हा ताठ जागा शोध, पुन्हा टिचकी. पाच-सहा वेळा केलंस की सगळीकडे ताण जवळपास सारखा लागेल, आणि तेव्हा बोल्ट एकाआड एक आवळत जा, गोल क्रमाने नाही. ताण केवढा? चेनच्या मध्यावर बोट दाबलं की वरखाली मिळून अर्धा इंच हलली पाहिजे. तारेप्रमाणे ताठ केलीस तर छर्रे खाईल, आणि ढिली ठेवलीस तर ते मी वर सांगितलंच आहे.

हे करताना बोटं सांभाळ. इतर सगळ्या चुका पैशात भरून निघतात गं, ही निघत नाही. फिक्सचं चाक फिरत असताना चेनला फडकं लावायचं नाही, कधीच नाही. साध्या सायकलीवर फडकं अडकलं की पायडल थांबतं, इथे चाकाचा वेग बोटाला ओढून नेतो. ओढणी घरी. नाडी बुटात खोचलेली.

ब्रेकचं एकच विचारतो, आणि या एका बाबतीत मी आजोबा म्हणून ऐकणार नाही. तुझ्या पुढच्या चिमट्याला ब्रेक लावायचं भोक आहे का? ट्रॅकच्या चिमट्याला बहुतेक वेळा नसतं. नसेल तर ड्रिल घेऊन स्वतः पाडू नकोस, मी आल्यावरही पाडणार नाही. भोक असलेला दुसरा चिमटा बघू, त्याचे पैसे मी देतो. पुढच्या ब्रेकशिवाय ती सायकल होस्टेलच्या फाटकाबाहेर न्यायची नाही. पाय उलटे दाबून थांबता येतं हे मला माहीत आहे, तू मला व्हिडिओ दाखवला होतास. तो मुलगा रिकाम्या रस्त्यावर होता. तुझ्या रस्त्यावर पीएमपीची बस असते.

तुला मी पूर्वी सांगितलेली गोष्ट आठवते का, मुंबईच्या पारशी पोरांची? १९२३ च्या ऑक्टोबरात सहाजण सायकलवर जगाची फेरी करायला निघाले, आणि आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली परत आले. साडेचार वर्षं. रस्ते नाहीत, सुटे भाग नाहीत, पुढच्या गावी दुकान असेल याची खात्री नाही. मला त्या गोष्टीत वाळवंटापेक्षा नेहमी एकच चित्र दिसतं: कुठेतरी रस्त्याच्या कडेला तिघेजण बसलेत, सायकल उलटी केलेली, आणि कोणी काही बोलत नाही, एकजण बोटाने चाक फिरवतो आहे आणि दुसरा कान देऊन ऐकतो आहे. मीही अजून असंच ऐकतो. चाक हवेत फिरवायचं, डोळे मिटायचे. नीट बसलेल्या फिक्सचा आवाज एकसारखा असतो, भातगिरणी दूरवर चालू असल्यासारखा. मध्ये 'खट्' आलं तर कुठला तरी दाता चेनशी भांडतोय.

तू हे सगळं नीट करशील यात मला शंका नाही. लहानपणी सुट्टीत यायचीस तेव्हा माझ्या डब्यातले सगळे नट-बोल्ट मापाप्रमाणे लावून ठेवायचीस, कोणी न सांगता, ते लावणारे हात हेच आहेत. मला भीती तुझ्या हातांची नाही, तुझ्या त्या आठला बंद होणाऱ्या दुकानाची आहे. ते उद्याही उघडतं.

पहिल्या दिवशी फक्त मोज आणि आकडे कागदावर लिहून मला फोनवर वाचून दाखव. मापं माझ्याकडे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तुझ्या धाकट्या भावाला लागतील. दुसऱ्या सकाळी क्रँक. चेन तिसऱ्या. संक्रांतीला येशील तेव्हा सायकल गाडीत टाकून आण, बोईसर स्टेशनवर मी न्यायला येईन, आणि मग पहाटे आपण दोघं नवापूरच्या समुद्रापर्यंत जाऊ. तू तुझ्या फिक्सवर, मी माझ्या चोवीस इंचीवर. उतार आला की मी पाय मोडून बसेन, तू बसू शकणार नाहीस.

बाबाला आशीर्वाद सांग. जेवत जा.

तुझा,
आजोबा

ता. क. : पुलर वर्तमानपत्रात गुंडाळून पार्सलच्या तळाशी ठेवलाय, तेल लावलेलं आहे, कपड्याला लागू देऊ नकोस. सुके बोंबील वरच्या डब्यात आहेत. डबा आजीला परत हवा आहे.